जनुकांचे आणि प्रथिनांचे डेटाबेस एकत्र जोडायचे कसे? स्वतःचं गोदाम, की थेट एपीआय?

जनुकवेडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आज मांडतेय. आमचा गट छोटा आहे: दोघं जीवशास्त्रवाले, एक संख्याशास्त्रज्ञ आणि संगणकाकडचं सगळं बघणारी मी. आरएनए सिक्वेन्सिंगमधून काही शे जनुकांची यादी हाती येते आणि मग प्रत्येक जनुकासाठी तेच प्रश्न सुरू होतात. याचं प्रथिन कोणतं? त्याची त्रिमितीय रचना माहीत आहे का? त्यातल्या कुठल्या बदलामुळे आजार होतो? ते कोणत्या प्रथिनांना चिकटतं, पेशीतल्या प्रक्रियांच्या कुठल्या साखळीत (पाथवेत) बसतं?

उत्तरं आहेत, पण विखुरलेली. जनुकं एन्सेम्बलमध्ये, प्रथिनं युनिप्रॉटमध्ये, रचना पीडीबीत, आजाराशी जोडलेले बदल क्लिनव्हारमध्ये, पाथवे रिॲक्टोममध्ये, प्रथिनांचे परस्परसंबंध स्ट्रिंगमध्ये. दहा टॅब उघडून हाताने चिकटवाचिकटवी करण्यात दिवस जातो.

माझा विचार असा की सगळ्यांच्या फाइली उतरवून पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरमध्ये एकच डेटाबेस, म्हणजे स्वतःचं गोदाम, उभं करावं, जनुकाचं नाव किल्ली ठेवावी आणि सगळी टेबलं त्यावर जोडावीत. गटातल्या संख्याशास्त्रज्ञाचं म्हणणं, काहीही उतरवू नका, प्रत्येक ठिकाणच्या एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागायच्या खिडकीला) थेट विचारा, म्हणजे माहिती कायम ताजी मिळेल. तुमच्यापैकी कोणी हे केलं असेल तर अनुभव हवेत.

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवतो. जिव्हाळ्याचा विषय आहे, रात्री सविस्तर लिहितो.

मुळाक्षर

गोदाम की एपीआय हे नंतर ठरवा. आधी किल्लीचं बघा. जनुकाचं नाव किल्ली म्हणून वापरू नका, हे अगदी कळकळीने सांगतोय.

पीएसए म्हटलं की प्रोस्टेटची रक्ततपासणी आठवते, म्हणजे केएलके३ हे जनुक. पण एनपीईपीपीएस या पूर्णपणे वेगळ्या जनुकालाही संशोधन साहित्यात पीएसए म्हणतात. पी३८ म्हणजे बहुतेक वेळा एमएपीके१४, पण एआयएमपी२ चंही ते जुनं नाव आहे. उलटही होतं: एचईआर२ आणि ईआरबीबी२ एकच, पीडी-एल१ आणि सीडी२७४ एकच. अधिकृत नावंही बदलतात, सीडीसी२ चं सीडीके१ झालं. एका नावावर टेबलं जोडलीत तर दोन वेगळी जनुकं एका ओळीत येतील आणि एक जनुक दोन ओळींत फुटेल, आणि यातलं काहीही डेटाबेस तुम्हाला चूक म्हणून दाखवणार नाही. सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटत राहील.

ओळखक्रमांक वापरा. टीपी५३ चा एचजीएनसीकडे (मानवी जनुकांना अधिकृत नावं देणारी समिती) ११९९८, एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या जीन डेटाबेसमध्ये ७१५७, एन्सेम्बलमध्ये ईएनएसजी०००००१४१५१०, युनिप्रॉटमध्ये पी०४६३७. काम फक्त मानवी जनुकांचं असेल तर मी एचजीएनसीचा क्रमांक मधोमध ठेवेन. जनुकाचं नाव बदललं तरी तो तोच राहतो. नाव फक्त पडद्यावर दाखवण्यापुरतं.

तात्या_टेराबाइट

मुळाक्षर यांना जोरदार अनुमोदन. त्यात एक भर: ती काही शे जनुकांची यादी वाटेत कुठे एक्सेलमध्ये उघडली गेली होती का, ते आधी विचारा. मार्च१ चं १ मार्च होतं, सेप्ट२ चं २ सप्टेंबर. नुसती नावंच नाहीत, रिकेन या जपानी संस्थेच्या २३१०००९ई१३ सारख्या क्रमांकांना एक्सेल मोठी संख्या समजतं आणि दहाच्या घातात लिहून टाकतं. मूळ क्रमांक गेला तो गेला. ही तक्रार २००४ मध्ये छापून आली होती. २०१६ मध्ये पुन्हा मोजदाद झाली तेव्हा एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या.

सप्तपर्णी

म्हणजे जनुकांच्या यादीत तारखा दिसल्या तर तो कोणाचा वाढदिवस नव्हे :)

अनघड

तात्या, ते आता जुनं झालं. एचजीएनसीने ती नावंच बदलली. सेप्ट२ चं सेप्टिन२, मार्च१ चं मार्चएफ१, आणि २०२० च्या नियमावलीत हे सगळं आलं. २०२३ पासून एक्सेलमध्येही आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय आहे. कशाला घाबरवताय?

तात्या_टेराबाइट

अनघड, नवीन नावं नव्या याद्यांना. २०१५ च्या शोधनिबंधाची पुरवणी फाइल कोणी दुरुस्त करून ठेवत नाही, आणि जनुकवेडी यांना तुलनेसाठी नेमक्या जुन्याच याद्या लागणार. त्यांत ‘२ सप्टेंबर’ तसंच बसलेलं आहे. काही तारखांवरून तर मूळ जनुकही ठरवता येत नाही. १ मार्च म्हणजे मार्च१ की एमएआरसी१? दोघांचीही तीच तारीख होते.

पेशीपुराण

थोडं मागे जाऊन बोलतो, म्हणजे हे सगळं इतकं विखुरलेलं का आहे ते कळेल.

मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये प्रथिनांच्या अनुक्रमांचा (अमिनो आम्लांच्या क्रमांचा) संग्रह छापला तेव्हा त्यात ६५ प्रथिनं होती. पीडीबी १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली. डीएनए अनुक्रमांची जेनबँक १९८२ ची, प्रथिनांची स्विस-प्रॉट १९८६ ची, आणि ती आमोस बायरोख नावाच्या एका माणसाने सुरू केली. जनुकांची कार्यं ठरावीक शब्दांत नोंदवणारी जीन ऑन्टॉलॉजी १९९८ ची, माशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या डेटाबेसवाल्यांनी मिळून केलेली. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता. स्फटिकांवर काम करणाऱ्याला अणूंच्या जागा हव्या होत्या, माशीवाल्याला कोणत्या म्युटंटचे डोळे कसे दिसतात ते हवं होतं. त्यामुळे ‘एक नोंद’ म्हणजे काय, याचीच व्याख्या जागोजागी वेगळी. जेनबँकेत नोंद म्हणजे कोणीतरी जमा केलेला अनुक्रम. स्विस-प्रॉटमध्ये नोंद म्हणजे अनेक शोधनिबंध वाचून माणसाने लिहिलेलं प्रथिनाचं टिपण. पीडीबीत नोंद म्हणजे एक प्रयोग. एकाच प्रथिनाच्या तिथे शेकडो नोंदी असू शकतात.

तरी जिथे ठरवून जुळवलं तिथे उत्तम जुळलंय. जेनबँक, युरोपातला ईएनए आणि जपानचा डीडीबीजे यांच्यात रोज देवाणघेवाण होते. अनुक्रम कुठेही जमा करा, तो तिन्हीकडे पोहोचतो आणि ॲक्सेशन (नोंदणीचा) क्रमांक एकच राहतो. २००२ मध्ये स्विस-प्रॉट, ट्रेंबल आणि पीआयआर हे प्रथिनांचे संग्रह एकत्र येऊन युनिप्रॉट झालं. लोकांनी वर्षानुवर्षं बैठका घेऊन, क्रमांक कसे द्यायचे यावर एकमत करून हे घडवलंय. मला या कामाबद्दल फार आदर आहे.

रेणूबंध

पेशीपुराण, सुरेख प्रतिसाद. ‘एक नोंद म्हणजे काय’ हाच सगळ्या दुखण्याचा उगम आहे.

जनुकवेडी, किल्ली क्रमांकाची केलीत तरी एकास एक जोडी मिळेल असं धरू नका. सीडीकेएन२ए बघा. जनुक एक, पण वाचनाची चौकट बदलून त्यातून दोन वेगळी प्रथिनं तयार होतात, पी१६ आणि पी१४एआरएफ. युनिप्रॉटमध्ये त्यांच्या दोन नोंदी आहेत, पी४२७७१ आणि क्यू८एन७२६. उलट टोकाला हिस्टोन एच४: माणसात अनेक जनुकांतून तंतोतंत तेच प्रथिन बनतं आणि युनिप्रॉटमध्ये त्या सगळ्यांची मिळून एकच नोंद आहे, पी६२८०५.

बरेच लोक जोडणी करताना ‘पहिलं जे सापडेल ते घे’ असं लिहून मोकळे होतात. टेबल नीटनेटकं दिसतं, पण सीडीकेएन२ए चं अर्धं जीवशास्त्र गायब झालेलं असतं. कर्करोगावर काम करणाऱ्या गटाला हे परवडणार नाही. जोडण्यांचं वेगळं टेबल ठेवा, त्यात अनेकास अनेक नाती जशीच्या तशी राहू द्या आणि प्रत्येक नात्यापुढे ते कुठून आलं हे लिहा.

जनुकवेडी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. नावाची किल्ली रद्द, हे पटलं. रेणूबंध, मग ट्रान्सक्रिप्टचं (जनुकावरून बनणाऱ्या आरएनए प्रतीचं) काय? एन्सेम्बल आणि एनसीबीआयच्या रेफसेकमध्ये एकाच जनुकाचे ट्रान्सक्रिप्ट वेगवेगळे दिसतात. कोणता धरायचा?

रेणूबंध

त्यासाठी ‘मेन’ आहे, एनसीबीआय आणि ईएमबीएल-ईबीआय यांनी मिळून केलेला संच. प्रथिन बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मानवी जनुकासाठी एक ट्रान्सक्रिप्ट दोघांनी एकमताने निवडलाय, आणि तो रेफसेक आणि एन्सेम्बल दोन्हीकडे शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा आहे, संदर्भ जीनोमशीही (तुलनेसाठी प्रमाण धरलेल्या मानवी डीएनएशी) जुळतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण जुन्या रेफसेक ट्रान्सक्रिप्टमधली काही अक्षरं संदर्भ जीनोमपेक्षा वेगळी असायची आणि त्यातून चांगलेच घोळ व्हायचे. दाखवायला हा ‘मेन सिलेक्ट’ ट्रान्सक्रिप्ट धरा. पण बाकीचे ट्रान्सक्रिप्ट फेकू नका. काही ऊतींत वेगळाच प्रकार जास्त बनत असतो.

अष्टावधानी

स्थानांबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

‘गुणसूत्र ७ वर अमुक जागा’ एवढं वाक्य अपुरं आहे. कोणत्या जुळणीवरची, म्हणजे संदर्भ जीनोमच्या कोणत्या आवृत्तीवरची? जीआरसीएच३७ २००९ ची, जीआरसीएच३८ २०१३ ची, आणि २०२२ मध्ये टी२टी या गटाने सुमारे २० कोटी नवी अक्षरं भरून काढली. प्रत्येकात आकडे वेगळे. एकीवरून दुसरीवर नेण्यासाठी लिफ्टओव्हर हे साधन आहे, पण काही भाग नेताच येत नाहीत. काही जागी तर संदर्भाचं अक्षरच बदललंय, म्हणजे काल ज्याला बदल म्हणत होतो ते आज संदर्भ झालं.

त्यात मोजणीची भानगड. जीनोमवरच्या जागा लिहायच्या बेड फाइलमध्ये मोजणी शून्यापासून आणि शेवटची जागा धरत नाहीत. जीएफएफ आणि व्हीसीएफ (बदलांच्या यादीची फाइल) यांत मोजणी एकपासून. एका अक्षराचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण जोडणी पूर्ण चुकते. यूसीएससीचा जीनोम ब्राउझर ‘सीएचआर१’ लिहितो, एन्सेम्बल नुसतं ‘१’. तेवढा उपसर्ग काढला की झालं असं समजू नका: यूसीएससीच्या एचजी१९ (जीआरसीएच३७ चंच तिथलं नाव) मधलं मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए हा वेगळाच, १६५७१ अक्षरांचा जुना अनुक्रम होता आणि बाकी सगळे १६५६९ अक्षरांचा वापरत होते.

माझा नियम एकच. ज्या टेबलात स्थान आहे, त्यात जुळणीचं नाव आणि मोजणीची पद्धत हे दोन रकाने रिकामे ठेवू द्यायचे नाहीत.

चिकित्सक

अष्टावधानी ताईंचा मुद्दा रुग्णांच्या बाबतीत किती महाग पडतो ते सांगतो. मी निदानाच्या बाजूला आहे.

सिस्टिक फायब्रोसिसमधला सर्वांत परिचित बदल घ्या, सीएफटीआर जनुकातला. तीन अक्षरं गळतात आणि प्रथिनातलं ५०८ वं फेनिलॲलॅनिन जातं. आता मूळ अनुक्रम असा: ए-टी-सी-टी-टी-टी. यातून सी-टी-टी काढलं तरी ए-टी-टी उरतं, आणि एक घर डावीकडचं टी-सी-टी काढलं तरी ए-टी-टीच उरतं. निकाल एकच, लिहायच्या रीती दोन. बदल लिहायच्या एचजीव्हीएस पद्धतीचा नियम सांगतो, जनुकाच्या दिशेने शक्य तितकं शेवटाकडे सरकवा, म्हणून तिथे सी-टी-टी गळाल्याची नोंद होते. व्हीसीएफमध्ये शक्य तितकं डावीकडे सरकवतात, म्हणून तिथे एटीसीटीचं ए झालेलं दिसतं. दोन डेटाबेस नुसत्या मजकुरावर जोडले तर इतका अभ्यासलेला बदलसुद्धा ‘सापडला नाही’ म्हणून परत येऊ शकतो. रुग्णाच्या अहवालात ‘सापडला नाही’ याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

उपाय आहेत. सगळे बदल आधी एकाच पद्धतीने प्रमाणित करा, मगच जोडा. एनसीबीआयची एसपीडीआय पद्धत आहे, जीए४जीएच या आंतरराष्ट्रीय गटाची व्हीआरएस आहे. व्हीआरएसमध्ये बदलाच्या स्वरूपावरूनच ओळखक्रमांक गणिताने काढला जातो, त्यामुळे दोन प्रयोगशाळांनी एकमेकींना न विचारताही तोच क्रमांक निघतो.

सप्तपर्णी

चिकित्सक, हे वाचून सिकलसेल आठवला. वर्गात शिकलो ते ‘सहावं ग्लुटामेट जाऊन व्हॅलिन आलं’, आणि क्लिनव्हारमध्ये सातवं दिसतं. हा कोणता प्रकार?

चिकित्सक

दोन्ही बरोबर. बीटा ग्लोबिन तयार झाल्यावर पहिलं मेथिओनिन कापलं जातं. जुनी मोजणी त्यानंतर सुरू व्हायची, म्हणून सहा. एचजीव्हीएस मेथिओनिनपासून मोजतं, म्हणून सात. बदल तोच, त्याचा ओळखक्रमांक आरएस३३४.

रेणूबंध

अगदी हाच त्रास पीडीबीत. तिथले अमिनो आम्लांचे आकडे शास्त्रज्ञांनी आपापल्या परंपरेप्रमाणे दिलेले असतात, युनिप्रॉटशी जुळतीलच असं नाही. पीडीबीई आणि युनिप्रॉट मिळून सिफ्ट्स नावाची जुळवणी करतात, एकेका अमिनो आम्लापर्यंत. रचनेवर बदल दाखवायचे असतील तर मधे सिफ्ट्स हवंच. अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये ही अडचण नाही, तिथली मोजणी युनिप्रॉटचीच.

वाचनमात्र

रुमाल उचलतो.

मूळ प्रश्नाकडे येऊ. मी स्पष्टपणे गोदामाच्या बाजूचा आहे. एक, काही शे जनुकं गुणिले सहा स्रोत म्हणजे एपीआयकडे हजारो फेऱ्या. मर्यादा आड येतात, मधेच जोडणी तुटते आणि अर्धवट निकालाला लोक पूर्ण समजून पुढे जातात. दोन, आणि हे माझ्या दृष्टीने मोठं: एपीआय आज जे उत्तर देतो ते पुढच्या महिन्यात देणार नाही. शोधनिबंधाच्या परीक्षकाने ‘हा आकडा पुन्हा काढून दाखवा’ म्हटलं की हात वर करावे लागतात. गोदामात तुम्ही सांगू शकता की आम्ही युनिप्रॉटची अमुक आवृत्ती, एन्सेम्बलची अमुक आवृत्ती वापरली. ती गोठवून ठेवा, नवी आली की शेजारी नवी भरा, जुनी पुसू नका.

अनघड

मला हे एकतर्फी वाटतं. युनिप्रॉट साधारण आठ आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतं, क्लिनव्हार आठवड्याला. चार माणसांच्या गटाने हे सगळं सांभाळायचं? फाइलीचा रकाना बदलला की भरण्याचा प्रोग्राम मोडतो. मी पाहिलेली बहुतेक गोदामं उत्साहाने उभी राहिली आणि बांधणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर दोन वर्षांत शिळी झाली. शिळं क्लिनव्हार तर धोकादायक: काल ‘अर्थ अनिश्चित’ असलेला बदल आज ‘रोगकारक’ ठरलेला असू शकतो.

आणि आज थेट विचारणं पूर्वीसारखं कठीण राहिलेलं नाही. युनिप्रॉट, रिया (रासायनिक अभिक्रियांचा डेटाबेस), बीजी (कोणतं जनुक कुठे चालू असतं त्याचा) यांचे स्पार्कल एंडपॉइंट आहेत, म्हणजे स्पार्कल या प्रश्नभाषेत थेट विचारायची सोय. एकाच प्रश्नात तिन्हीकडून माहिती जोडून येते.

वाचनमात्र

अनघड, क्लिनव्हारचा मुद्दा बिनतोड आहे. मान्य. पण स्पार्कल लिहिणारा माणूस गटात कोण आहे? आणि तीन ठिकाणी फिरून येणारा प्रश्न त्यातलं एक ठिकाण मंद असलं तरी अडकतो. तो मार्ग शोधाशोध करायला छान, पण रोजच्या विश्लेषणाचा पाया म्हणून मला चालणार नाही.

मुळाक्षर

दोघांच्या मधला रस्ता: क्रमांकांच्या जोडण्या आणि सावकाश बदलणारी माहिती स्वतःकडे, लवकर बदलणारी आणि नाजूक माहिती थेट. थेट आणलेल्या प्रत्येक उत्तराबरोबर तारीख आणि आवृत्ती साठवायची. तेवढ्याने परीक्षकालाही उत्तर देता येतं.

निरंतर

हल्ली एआयला विचारलं तर तो सगळं जोडून देतो ना?

मुळाक्षर

निरंतर, प्रश्न कसा लिहायचा हे विचारायला जरूर वापरा. ओळखक्रमांक मात्र त्याच्याकडून घेऊ नका. अगदी खरा दिसणारा पण अस्तित्वात नसलेला, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच जनुकाचा क्रमांक तो देऊ शकतो. क्रमांक नेहमी मूळ फाइलीतून.

पेशीपुराण

अवांतर होईल, पण अनघड म्हणाले त्या शिळं होण्यावरून लिहावंसं वाटलं. शिळी फक्त विद्यार्थ्यांची गोदामं होत नाहीत. प्रथिनांचं आयपीआय २०११ मध्ये बंद झालं, जनुकांचं युनिजीन २०१९ मध्ये. केग या पाथवेंच्या डेटाबेसच्या फाइली घाऊक उतरवायला २०११ पासून पैसे भरून सदस्य व्हावं लागतं. आराबिडॉप्सिस या वनस्पतीचा डेटाबेस असलेलं टेअर सरकारी अनुदान थांबल्यावर वर्गणीवर गेलं. नवा डेटाबेस काढायला अनुदान मिळतं, चालू असलेला नीट सांभाळायला मिळवताना लोकांची दमछाक होते. एकेक शोधनिबंध वाचून नोंद लिहिणारे क्युरेटर या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहेत, आणि त्यांची नावं क्वचितच कुठे येतात. आपण हे डेटाबेस वापरतो तेव्हा निदान शोधनिबंधात त्यांचा आवृत्तीसह उल्लेख करूया. अनुदान मागताना त्यांना तो दाखवता येतो.

आणि जनुकवेडी, स्रोत निवडताना परवाना वाचा. स्वतःकडे ठेवायला परवानगी असते तिथे पुढे वाटायला असेलच असं नाही.

सप्तपर्णी

पेशीपुराण यांच्या अवांतराला +१. ते अवांतर नाहीच.

अष्टावधानी

सगळं जोडून झाल्यावरचा एक सापळा राहिलाय: एकच पुरावा अनेकदा मोजला जाणं.

समजा दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात असं तुम्हाला बायोग्रिड, इंटॲक्ट आणि स्ट्रिंग या परस्परसंबंधांच्या तिन्ही डेटाबेसांत दिसलं. वाटतं, तीन साक्षीदार मिळाले. उघडून बघितलं तर तिन्हींच्या मागे तोच एक शोधनिबंध असू शकतो, कारण स्ट्रिंग प्रायोगिक माहिती अशाच डेटाबेसांकडून घेतं. म्हणून परस्परसंबंध मोजताना डेटाबेसांची संख्या मोजू नका. पबमेडचा (शोधनिबंधांच्या सूचीतला) क्रमांक आणि प्रयोगाची पद्धत यांवरून वेगळे पुरावे मोजा.

जीन ऑन्टॉलॉजीतही तेच. तिथल्या बहुसंख्य नोंदी आयईए या खुणेच्या, म्हणजे संगणकाने साधर्म्यावरून लावलेल्या. त्या उपयोगी आहेत, पण प्रयोगाने सिद्ध झालेल्या नोंदींच्या पंगतीला बसवू नका. आणि काही नोंदींना ‘नॉट’ ही पात्रता असते: या प्रथिनाचं हे कार्य नाही, असं तपासून लिहिलेलं. फाइल भरताना तो रकाना गाळला की अर्थ थेट उलटा होतो. माझ्या पाहण्यात एका गटाच्या टेबलात हा रकानाच नव्हता, आणि जे कार्य नाही असं दाखवून दिलंय तेच त्यांच्या यादीत मिरवत होतं.

तात्या_टेराबाइट

‘नॉट’चा मुद्दा मी आजच आमच्याकडे तपासायला सांगितला. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

जनुकवेडी (धागाकर्ती)

इतक्या मनापासून लिहिलंत, खूप बरं वाटलं. गटाशी बोलून असं ठरवतोय:

मधोमध एचजीएनसी क्रमांक. त्याभोवती जोडण्यांचं वेगळं टेबल, अनेकास अनेक, प्रत्येक ओळीला स्रोत, आवृत्ती आणि तारीख. एन्सेम्बल, युनिप्रॉट, सिफ्ट्स, रिॲक्टोम स्वतःकडे, आवृत्ती गोठवून. क्लिनव्हार दर आठवड्याला नव्याने, पण जुने संच जपून, म्हणजे एखाद्या बदलाचा अर्थ कधी पालटला तेही कळेल. सगळी स्थानं जीआरसीएच३८ वर, बदल आधी प्रमाणित करूनच आत घ्यायचे. परस्परसंबंधांमध्ये पबमेड क्रमांक सक्तीचा.

अनघड, तुमचा ‘बांधणारा गेल्यावर काय’ हा प्रश्न गटाला सगळ्यात जास्त लागला. म्हणून भरण्याचा प्रोग्राम मी एकटी लिहिणार नाही, संख्याशास्त्रज्ञ आणि मी मिळून लिहिणार आहोत. रकाने अपेक्षेप्रमाणे नसतील तर त्याने तिथेच थांबावं, अंदाजाने पुढे जाऊ नये, एवढी अट घातलीय.

आता एक अडलेली गोष्ट. एका जुन्या प्रोटिऑमिक्स (प्रथिनं घाऊक मोजणाऱ्या) शोधनिबंधाच्या यादीत पी६२१५८ आहे. युनिप्रॉटमध्ये शोधलं तर आता त्याच्या जागी तीन नोंदी येतात. यातली कोणती घेऊ?

अनघड

प्रोग्रामने अंदाज न करता थांबावं ही अट फार आवडली. मी विरोध मागे घेतो. पी६२१५८ बद्दल रेणूबंध सांगतील.

रेणूबंध

ते कॅल्मोड्युलिन. माणसात सीएएलएम१, सीएएलएम२ आणि सीएएलएम३ अशी तीन जनुकं, आणि तिन्हींमधून अगदी तेच प्रथिन बनतं. पूर्वी युनिप्रॉटने तिघांची एकच नोंद ठेवली होती. नंतर ती जनुकागणिक फोडली: पी०डीपी२३, पी०डीपी२४ आणि पी०डीपी२५. जुना क्रमांक आता तिन्हींत दुय्यम म्हणून दिसतो.

एक निवडू नका. मास स्पेक्ट्रोमेट्रीने पेप्टाइड (प्रथिनाचे तुकडे) मोजलेत, आणि प्रथिन तंतोतंत सारखं असल्यामुळे ते कोणत्या जनुकातून आलं हे त्या प्रयोगातून कळूच शकत नाही. जोडण्यांच्या टेबलात तीन ओळी टाका, तिन्हींवर ‘संदिग्ध’ अशी खूण करा आणि मूळ पी६२१५८ वेगळ्या रकान्यात तसाच ठेवा. तुमच्या स्वतःच्या आरएनए माहितीत मात्र ही तीन जनुकं वेगळी ओळखता येतात, तिथे गल्लत करू नका.

मुळाक्षर

शिवाय अशा निवृत्त आणि फुटलेल्या क्रमांकांची यादी प्रत्येक आवृत्तीबरोबर आपोआप तपासा. एनसीबीआय जीनचा इतिहास फाइलीत देतं, एन्सेम्बलकडे जुने क्रमांक तपासायचं साधन आहे, एचजीएनसी मागे घेतलेली नावं वेगळी देतं. आणि जिथे क्रमांकाचा काहीच माग लागत नाही पण अनुक्रम हाताशी आहे, तिथे युनिप्रॉटच्या युनिपार्क संग्रहात अनुक्रमच शोधा. तिथे प्रत्येक वेगळा अनुक्रम एकदाच ठेवतात आणि काढून टाकत नाहीत.

जनुकवेडी (धागाकर्ती)

तीन ओळी, ‘संदिग्ध’ खूण आणि मूळ क्रमांकाचा रकाना टाकला. एच४ लाही तेच लावतेय. युनिपार्कची तपासणी पुढच्या आवृत्तीपासून.